काळी जमीन आणि पाण्याची वाट

शहरांत राहणाऱ्या कुटुंबांचा शेतजमिनीशीं असलेला संबंध सुटत चालला आहे असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर काळ्या जमिनीचा संबंध असा सहजासहजीं सुटणारा नाहीं. कोणाची गांवाकडे वडिलोपार्जित जमीन असते व ती वाट्यानें लाविलेली असते. कोणाच्या घराच्या भिंतीला दर उन्हाळ्यांत त्याच जागीं तडा जातो. आणि ज्यांच्यापाशीं ह्या दोहोंपैकीं कांहींच नाहीं, त्यांच्या चहांत साखर तर पडतेच. भिंतीचा तडा, गांवाकडून येणारी घटत्या उत्पन्नाची तक्रार आणि चहांतील साखर ह्या तीन वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टींच्या मुळाशीं पुष्कळदां एकच माती असते. ती म्हणजे आपली काळी, भारी, भेगाळणारी जमीन.

जुन्या गांवगाड्यांत गांवाचे दोन भाग मानीत. वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. काळीला आई म्हणण्याची रीत आजही आहे, आणि ती योग्यच आहे. कारण थोड्या पावसावर दाणा पिकविण्याची जी शक्ति ह्या मातींत आहे, ती दुसऱ्या मातींत क्वचितच आढळेल. असें असतां नीरेच्या, कृष्णेच्या व गोदावरीच्या खोऱ्यांत एके काळीं भरघोस ऊस देणाऱ्या कित्येक जमिनी आज खारवट व चोपण होऊन पडल्या आहेत. त्या दुष्काळानें बिघडल्या नाहींत. पाणी मुबलक मिळाल्यानंतर बिघडल्या. पाण्यानें जमीन पिकावी हा आपला साधा अनुभव. मग पाण्यानेंच ती नापीक कशी झाली? ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा मी आज प्रयत्न करणार आहें.

प्रथम ही माती आली कोठून तें पाहूं. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर तप्त शिलारसाचे थरांवर थर पसरले. त्यांपासून झालेला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सह्याद्रीचे कडे, वेरूळचीं लेणीं व आपल्या गडांचे तट ह्याच दगडाचे आहेत. ह्या दगडांत चुन्याचें मूलद्रव्य कॅल्शियम, तसेंच मॅग्नेशियम, लोह आणि थोडें सोडियम असतें. ऊन, पाऊस व काळ ह्यांनीं तो झिजला, त्याची माती झाली, आणि ती माती उतारावरून वाहत जाऊन खोऱ्यांत सांचली. म्हणून टेंकडीच्या माथ्यावर मुरमाड व बरड जमीन, उतारावर मध्यम, आणि नदीकांठीं खोल व भारी काळी, असा क्रम दख्खनांत जागोजाग दिसतो. माथ्यावर जेमतेम वीतभर असलेली माती नदीपाशीं कित्येक हात खोल असते.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. माती काळी म्हणून तींत खत भरपूर असावें, असें आपणां शहरवासीयांस वाटतें. वस्तुतः ह्या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा शेंकडा एकाहूनही कमी असतो. तिचें सामर्थ्य रंगांत नसून तिच्या कणांच्या घडणींत आहे. आणि तिचें दुखणेंही त्याच घडणींत आहे.

मातीच्या ज्या कणांचा व्यास मिलिमीटरच्या दोन सहस्रांशांहून कमी असतो त्यांना चिकणमाती म्हणतात. भारी काळ्या जमिनींत असे कण शेंकडा ४० ते ६० व कधीं त्याहूनही अधिक असतात. त्यांत प्रमुख खनिज आहे तें स्मेक्टाइट नांवाच्या वर्गांतलें. ह्या वर्गांतील सर्वांत प्रसिद्ध खनिजाचें नांव मॉन्टमोरिलोनाइट. फ्रान्समधील ज्या गांवाच्या परिसरांत तें प्रथम ओळखिलें गेलें, त्यावरून तें पडलें. ह्या खनिजाची रचना समजण्यासाठीं आपल्या घरांतली जुनी पोथी डोळ्यांपुढें आणा. पोथीचीं पानें शिवलेलीं नसतात. एकावर एक सुटीं ठेविलेलीं असतात. तसेच ह्या कणाचे अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. पाणी आलें कीं तें पापुद्र्यांच्या मधोमध शिरतें आणि पोथी फुगते. पाणी गेलें कीं पापुद्रे पुन्हां जवळ येतात आणि पोथी आकसते. एक ग्रॅम मातींतील ह्या पापुद्र्यांचें सर्व पृष्ठ उलगडून पसरतां आलें, तर तें कित्येक शें चौरस मीटर भरेल. ह्या अफाट पृष्ठावर पाणी व पिकाचें अन्न धरून ठेविलें जातें.

चैत्र-वैशाखांत काळ्या शेतांतून चालतांना मनगट आंत जाईल एवढ्या भेगा दिसतात. त्या कधीं कधीं एक मीटरपर्यंत खोल जातात. वरची भुसभुशीत माती वाऱ्यानें व गुरांच्या खुरांनीं ह्या भेगांत पडते. पाऊस आला म्हणजे खालची माती फुगूं पाहते. परंतु तिच्या जागेंत ही नवी भर पडलेली असल्यामुळें ती बाजूला व वर ढकलली जाते. खोल खड्डा खणला तर खालच्या थरांत ढेकळांच्या बाजू घासून घोटल्यासारख्या गुळगुळीत दिसतात, त्या ह्याच रेटारेटीच्या खुणा होत. जमीन अशी हळूहळू स्वतःच घुसळली जाते. म्हणून मृत्तिकाशास्त्रांत ह्या जातीला व्हर्टिसॉल असें नांव आहे. उलटणें ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तें घेतलें आहे. घराचा पाया उथळ असेल तर त्याखालची माती पावसाळ्यांत त्याला उचलते आणि उन्हाळ्यांत त्याचा आधार काढून घेते. भिंतीच्या तड्याचें मूळ तें हेंच.

आतां शेतकऱ्याच्या दृष्टीनें ह्या स्वभावाचा परिणाम पाहूं. पहिला पाऊस भेगांतून थेट खोल जातो. पण माती भिजून भेगा एकदां मिटल्या म्हणजे पाणी मुरण्याची गति अगदीं मंद होते. तासाला कांहीं मिलिमीटर, केव्हां त्याहूनही कमी. ओली असतां ही माती नांगराला व पायांना चिकटते; वाळली कीं दगडासारखी होते. ह्या दोन अवस्थांच्या मधले थोडे दिवस असे असतात कीं मुठींत घेतलेली माती गोळा होते, पण दाबतांच फुटते. ह्या स्थितीला आपल्या शेतकऱ्यांनीं वाफसा असा सुंदर शब्द दिला आहे. काळ्या जमिनींतील शेती म्हणजे एका अर्थानें वाफसा साधण्याची कला आहे. वाफशापूर्वीं औत घातलें तर माती घट्ट होऊन बसते व तिचीं ढेकळें पुढें फुटतां फुटत नाहींत. वाफसा टळून गेला तर फाळ आंत शिरत नाहीं. हल्लीं औताच्या जागीं यंत्र आलें आहे. पण यंत्राचें वजन बैलाहून पुष्कळ अधिक असल्यामुळें, ओल्या रानांत घातलेल्या यंत्राची खोड मोडण्यास कैक हंगाम लागतात.

सोलापुराकडील खोल काळ्या जमिनींत पावसाळ्याचे पहिले महिने रान मोकळें ठेवून भाद्रपद-आश्विनांत ज्वारी पेरण्याची पद्धति आहे. ती आळसामुळें पडलेली नाहीं. एक मीटर खोल भारी जमीन पिकाला घेतां येईल असें सुमारें १५० ते २०० मिलिमीटर पाणी आपल्या पोटांत सांठवूं शकते. ह्या सांठ्यावर शाळू थंडीचे दिवस काढतो व तयार होतो. मधून मधून केलेल्या कोळपणीनें वरच्या भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाहीं. सोलापूर येथें १९३३ सालीं कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र निघालें, त्याच्या कार्याचा पाया ह्या ओलीच्या हिशेबावरच होता. पुढें १९७२ सालीं हैदराबादजवळ पाटणचेरू येथें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनें, म्हणजे इक्रिसॅटनें, दुसरा प्रश्न हातीं घेतला. जेथें पाऊस बरा पडतो तेथें खरिपांतही काळी जमीन पडीक कां राहावी? त्यांनीं सुमारें १०५ सेंटिमीटर रुंदीचे वरंबे आणि त्यांच्यामध्यें ४५ सेंटिमीटरच्या सऱ्या, हळुवार उतारावर आंखल्या. जास्तीचें पाणी सरींतून सावकाश निघून जातें, वरंब्यावरच्या मुळांना हवा मिळते, आणि पावसाळ्यांतही पीक उभें राहतें. ह्या रचनेला रुंद वरंबा-सरी पद्धति म्हणतात. सोलापूरची रीत आणि पाटणचेरूची रीत भिन्न दिसल्या तरी त्या एकच नियम सांगतात. काळी जमीन पाणी धरण्यांत उदार आहे, पण सोडण्यांत कृपण आहे. म्हणून पाणी सोडविण्याची व्यवस्था माणसानें करावी लागते.

ही व्यवस्था न केल्यास काय होतें? येथें रसायनशास्त्राचा थोडा आधार घ्यावा लागेल. परंतु तो आपल्या स्वयंपाकघरांतूनच घेतां येईल. पावसाळ्यांत नदीचें गढूळ पाणी आलें म्हणजे आपण त्यांत तुरटी फिरवितों. कांहीं वेळानें गाळ तळाशीं बसतो व पाणी निवळतें. मातीच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो, त्यामुळें ते एकमेकांना दूर लोटतात व पाण्यांत तरंगत राहतात. तुरटींतील ॲल्युमिनियमवर तीन धन भार असतात. तें ह्या कणांना एकत्र बांधतें आणि जड झालेले कण खालीं बसतात. शेतांत हेंच काम कॅल्शियम करतें. त्याचे धन भार दोन. तें पापुद्र्यांना एकमेकांशीं धरून ठेवतें, कणांचे रवे बनतात, आणि रव्यांच्या फटींतून पाणी व हवा खेळतात. निरोगी काळ्या जमिनींत कॅल्शियमचें प्राबल्य असतें.

सोडियमची गोष्ट उलट आहे. त्याचा धन भार एकच, आणि त्याच्या भोंवतीं पाण्याचें वेष्टन मोठें. त्यामुळें तें कणांना जवळ येऊं देत नाहीं. कपड्यांचा मळ सुटावा म्हणून आपण धुण्याचा सोडा वापरतों. तो मळाचे कण सुटे करून पाण्यांत तरंगत ठेवतो. कपड्यांच्या बाबतींत हें इष्ट आहे. जमिनीच्या बाबतींत तेंच घातक. मातींत सोडियम वाढलें कीं रवे विरघळतात, सुटे झालेले बारीक कण फटींत जाऊन बसतात, आणि पाण्याचे मार्ग बंद होतात. अशी जमीन पावसांत लोण्यासारखी निसरडी होते व वाळल्यावर तिच्यावर कठिण पापुद्रा धरतो. हिलाच शेतकरी चोपण म्हणतात. कणांनीं धरून ठेविलेल्या धन भारांपैकीं सोडियमचा वाटा शेंकडा १५ च्या वर गेला म्हणजे जमीन चोपण, अशी जुनी व्याख्या आहे. परंतु फुगणाऱ्या काळ्या जमिनींत पाण्याचा निचरा शेंकडा ५-६ वरच मंदावूं लागतो, असें विदर्भांतील अभ्यासांत दिसलें आहे. आणि ऑस्ट्रेलियांतही शेंकडा ६ हीच मर्यादा मानितात. तेव्हां ह्या जमिनीला सहन करण्यास फारसा वाव नाहीं, हें आपण ध्यानीं धरावें.

जमिनीचा आंबटपणा वा खारेपणा मोजण्याचें एक माप आहे, त्याला सामू म्हणतात. सात हा त्याचा मध्य. चांगल्या काळ्या जमिनीचा सामू साडेसात ते साडेआठ असतो. चुनखडीचे खडे तिच्यांत असतात त्यांचा हा परिणाम. साडेआठाच्या वर गेला कीं सोडियमची शंका घ्यावी. सामू वाढला म्हणजे स्फुरद, लोह व जस्त हीं मातींत असूनही पिकाला मिळेनाशीं होतात. उसाचीं कोंवळीं पानें पिवळीं-पांढरीं पडतात त्याला केवडा पडला असें म्हणतात. त्याचें एक कारण हें. अशा जमिनीवर युरिया नुसता उधळला तर त्यांतील नत्राचा बराच अंश वायुरूपानें उडून जातो. मग पिवळें पीक पाहून शेतकरी आणखी खत घालतो आणि खर्च वाढतो. पण दुखणें भुकेचें नसतें, श्वास कोंडल्याचें असतें.

हें सोडियम सांचतें कोठें? जेथें पाण्याला बाहेर जाण्यास वाट नाहीं तेथें. ह्याचें सर्वांत बोलकें उदाहरण निसर्गानेंच बुलढाणा जिल्ह्यांत लोणार येथें मांडून ठेविलें आहे. उल्कापातानें बेसाल्टांत पडलेल्या त्या विशाल विवरांत चारी बाजूंनीं पाणी उतरतें, पण निघून जाण्यास मार्ग नाहीं. तें फक्त वाफ होऊन उडतें. दगडांतून विरघळून आलेले क्षार मागें राहतात. परिणामीं त्या सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास पोंचला आहे, आणि पूर्वीं तेथून सोडा काढीत असत. त्याच विदर्भांत अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखिला जातो. तेथें पाऊस बेताचा, ऊन तीव्र आणि निचरा मंद. मातींतील कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांच्या रूपानें वेगळें पडत गेलें व सोडियमचा वाटा वाढत गेला. विहिरींचें पाणी खारें. तेथील शेतकरी पावसावर कापूस, ज्वारी, हरभरा घेतो. विहिरीचें पाणी दिलें तर जमीन अधिकच बिघडेल हें तो जाणतो. म्हणून शेततळ्यांत सांठविलेलें पावसाचें पाणी हाच त्याचा भरवसा.

पूर्णेच्या खोऱ्यांत जें निसर्गानें हजारों वर्षांत केलें, तें कालव्यांच्या प्रदेशांत माणसानें थोड्या वर्षांत केलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा वाहूं लागला आणि बारामतीच्या बाजूला ऊस उभा राहिला. कालव्याचें झिरपणारें पाणी व शेतांत अतिरिक्त दिलेलें पाणी ह्यांनीं भूजल वर चढलें. तें पृष्ठापासून दीड-दोन मीटरवर आलें, म्हणजे कंदिलाच्या वातींतून तेल चढावें तसें मातीच्या बारीक फटींतून पाणी वर येतें; पाणी उन्हानें उडतें आणि क्षार मागें राहतात. १९१० सालीं, म्हणजे कालवा सुरू होऊन पुरतीं तीन दशकेंही झालीं नव्हतीं तोंच, पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे ह्यांना नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध करावी लागली. त्याच्याही आधीं, विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं, श्री. विश्वेश्वरय्या ह्यांनीं दख्खनच्या कालव्यांवर गट पद्धति सुचविली होती. जमिनीचे गट पाडून उसाबरोबर कमी पाण्याचीं पिकें फेरपालटीनें घ्यावीं आणि पाणी मोजून द्यावें, असें तिचें धोरण होतें. तात्पर्य, धोक्याची सूचना शंभर वर्षांहून जुनी आहे. तरीही पुढें कृष्णाकांठच्या सांगली-कोल्हापूर भागांत उपसा जलसिंचनाखालीं तीच कथा पुन्हां घडली.

ह्यांत किती क्षार येत असतील ह्याचा हिशेब आपण घरबसल्या करूं. ज्या पाण्याच्या दर लिटरांत अर्धा ग्रॅम क्षार आहेत तें पाणी जिभेला खारें लागत नाहीं. एक हेक्टर उसाला पीक निघेपर्यंत दोन मीटर खोलीचें पाणी दिलें असें धरा. म्हणजे वीस हजार घनमीटर झालें. दर घनमीटरांत अर्धा किलो क्षार. एकूण दहा हजार किलो, अर्थात् दहा टन! ऊस पाणी पितो, क्षार मात्र बहुतेक सगळे शेतांतच टाकतो. जमिनीला निचरा असेल तर पावसाळा ते धुऊन नेतो. निचरा नसेल तर पुढच्या उसाचे आणखी दहा टन त्यांत पडतात.

जमीन बिघडत आहे हें ओळखावें कसें? पृष्ठावर पांढरा पापुद्रा फुटला तर ती खारवट समजावी. हें सर्वांना दिसतें. परंतु चोपणाचें लक्षण गुप्त असतें. एक सोपी परीक्षा सांगतों. कांचेच्या पेल्यांत पावसाचें स्वच्छ पाणी घ्यावें, त्यांत शेतांतील वाळलेलें लहानसें ढेकूळ अलगद सोडावें व हलवूं नये. ढेकूळ फुटून तळाशीं बसलें आणि पाणी नितळ राहिलें तर ठीक. पण ढेकळाभोंवतीं दुधासारखें गढूळ वलय पसरलें व दुसऱ्या दिवशींही तें निवळलें नाहीं, तर सोडियम बळावलें असें समजून माती व पाणी दोन्ही प्रयोगशाळेंत पाठवावीं. मातीचा नमुना केवळ वरचा घेऊं नये. हातभर खालचाही वेगळा घ्यावा, कारण पुष्कळदां रोग खालून वर येत असतो.

येथें एक फसगत होते, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावें. पांढरा क्षार दिसला म्हणजे शेत पाण्यानें भरून तो धुऊन काढावा असें साहजिकच मनांत येतें. तसें केल्यावर पांढरेपणा जातोही. परंतु जोंपर्यंत मातींतील पाणी खारें असतें तोंपर्यंत त्या खारेपणामुळेंच कण कांहींसे एकत्र राहिलेले असतात. खारेपणा धुऊन गेला आणि कणांना चिकटलेलें सोडियम तसेंच राहिलें, तर कण फुगून सुटे होतात व खारवट जमिनीची चोपण होते. पहिली अवस्था बरी होण्यास सोपी, दुसरी अवघड. म्हणून पांढरा पापुद्रा नाहींसा झाला म्हणजे जमीन सुधारली, असें समजूं नये.

उपाय आहेत, परंतु त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिलें काम निचऱ्याचें. शेताच्या खालच्या अंगाला खोल चर काढावे व ते ओढ्याला नेऊन मिळवावे; अथवा जमिनीखालीं सुमारें एक मीटर वा त्याहून अधिक खोलीवर सच्छिद्र नळ पुरून भूजल खालीं ठेवावें. कृष्णाकांठीं कित्येक ठिकाणीं अशा नळांनीं पडीक जमिनी पुन्हां उसाखालीं आल्या आहेत. दुसरें काम सोडियम हुसकून लावण्याचें. त्यासाठीं जिप्सम घालतात. जिप्सम म्हणजे गंधक व कॅल्शियम ह्यांचा साधा, स्वस्त क्षार. त्यांतील कॅल्शियम कणांवर जाऊन बसतें आणि सुटलेलें सोडियम सोडियम सल्फेट होऊन पाण्यांत विरघळतें. किती जिप्सम घालावें हें मातीच्या परीक्षेवरूनच ठरवावें. बिघाडाच्या मानानें हेक्टरीं कांहीं टन लागतें. तें वरच्या थरांत मिसळून मग पाणी द्यावें, म्हणजे विरघळलेलें सोडियम खालीं जाऊन चरांतून बाहेर पडेल. चर नसतील तर तें जाणार कोठें? निचऱ्याशिवाय जिप्सम घालणें म्हणजे मोरी तुंबली असतां घर धुण्यास काढण्यासारखें आहे.

ज्या जमिनींत चुनखडी भरपूर आहे तेथें गंधकाचाही उपयोग होतो. मातींतील सूक्ष्म जीव गंधकाचें आम्ल बनवितात, तें चुनखडीला विरघळवितें आणि जिप्सम शेतांतच तयार होतें. धैंच्याचें हिरवळीचें खत हाही मोठा आधार. धैंचा चोपण जमिनींत तग धरतो. त्याच्या मुळांतून निघणारा कर्बवायु चुनखडी विरघळविण्यास मदत करतो, आणि गाडलेला पाला मातीला भुसभुशीत करतो. शेणखत, कंपोस्ट व साखर कारखान्याची कुजविलेली मळी ह्यांचेंही कार्य हेंच. जमीन सावरत असतां पिकेंही तिला झेपतील तींच घ्यावीं. कापूस व सातू बराच क्षार सोसतात, गहूं मध्यम सोसतो; हरभरा, मूग, तूर हीं डाळींचीं पिकें मात्र लवकर मान टाकतात.

हें सारें एकट्या शेतकऱ्याच्या हातांत आहे काय? नाहीं. माझ्या शेतांतला चर तुमच्या शेतांतून गेल्याखेरीज ओढ्याला मिळत नाहीं. वरच्या अंगाचा शेतकरी पाटानें पाणी सोडतो तें खालच्याच्या मुळांशीं जाऊन उभें राहतें. पाणी आणण्यासाठीं माणसें एकत्र येतात, सोसायट्या निघतात, धरणें बांधलीं जातात, त्यांचे समारंभ होतात. पाणी काढून देण्यासाठीं एकत्र येण्यांत कोणाला उत्साह वाटत नाहीं, कारण चराच्या उद्घाटनाला कोणी हार घालीत नाहीं! परंतु काळ्या जमिनीचा निचरा हा मूलतः शेजाराचा प्रश्न आहे, आणि शिवार एक होऊन विचार करील तेव्हांच तो सुटेल. रोग होऊं न देणें हें तर सर्वांत स्वस्त. तुषार व ठिबक सिंचनानें पाणी मोजकें देतां येतें. उसानंतर ऊस न घेतां मध्यें कमी पाण्याचें पीक घेतलें तर जमिनीला विसावा मिळतो. आणि नव्या विहिरीचें वा कूपनलिकेचें पाणी परीक्षा करूनच वापरावें, कारण ज्या पाण्यांत सोड्याचा अंश अधिक तें कितीही गोड लागलें तरी काळ्या जमिनीला मानवत नाहीं.

आपणांपैकीं ज्यांची गांवाकडे जमीन आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे कीं वर्षाच्या शेवटीं केवळ उत्पन्नाचा वाटा विचारूं नये. माती तपासली का, पाणी तपासलें का, चर मोकळे आहेत का, हें तीन प्रश्न विचारावे, आणि चर काढण्याचा खर्च आला तर त्यांत आपला वाटा आनंदानें उचलावा. जमीन वाट्यानें करणारा मनुष्य एका-दोन हंगामांचा विचार करतो, आणि तसें करणें त्याला भागच असतें. पुढच्या पन्नास वर्षांचा विचार ज्याच्या नांवावर सात-बारा आहे त्यानें करावयाचा. बाकीच्यांनीं, साखरेच्या भावाची चर्चा करतांना, तो भाव कोणाच्या शेतांतून दिला जात आहे हेंही लक्षांत घ्यावें. काळ्या जमिनीनें शेंकडों वर्षें बेताच्या पावसावर आपलें पोषण केलें, तें पाणी जपून ठेवण्याच्या तिच्या गुणामुळें. त्याच गुणाला आपण मुबलक पाण्याची जोड दिली, तेव्हां त्या पाण्याला बाहेरची वाट करून देण्याची जबाबदारीही आपल्यावरच आली. पाट आणि चर हे दोन्हीं बरोबर खणले गेले, तर ही जमीन आपल्या नातवंडांनाही पुरेल.